कॉलेजची बास्केटबॉल टीम बांधायचीय: तयार खेळाडू, अकरावीची पोरं की दुसऱ्या खेळातले ॲथलीट?

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या कॉलेजात नवीन क्रीडा संचालक रुजू झाला की जूनमध्येच त्याच्यापुढे हा प्रश्न येतो, कारण ॲडमिशन सुरू असतात आणि संस्थेचे लोक विचारतात, सर यंदा आंतरमहाविद्यालयीनला काय करताय? माझं मत आधीच सांगतो, टीमचा कणा अकरावीतूनच उभा करा, बाकीचे दोन रस्ते जोडीला ठेवा. का ते बघू.

तयार खेळाडू म्हणजे नाशिक-पुण्याकडून किंवा शहरातल्या चांगल्या शाळेतून पाच-सहा वर्षं खेळून आलेला पोरगा. फायदा उघड आहे, त्याच वर्षी रिझल्ट मिळतो. पण फी माफी, हॉस्टेल, मेस सगळं कॉलेजने बघायचं, आणि घर लांब असल्यामुळे तो दिवाळीनंतर परत येईल की नाही याची धाकधूक कायम. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाने 2012 ला पहिल्या वर्षाच्या पोरांच्या जोरावर एनसीएए, म्हणजे तिथल्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली, हे उदाहरण बरेच जण देतात. पण त्यांच्याकडे अँथनी डेव्हिससारखा, पुढे एनबीए गाजवणारा पोरगा होता. व्हिलानोव्हा विद्यापीठाने 2016 आणि 2018 ला जिंकली ती मुख्यतः दोन-तीन वर्षं कॉलेजातच मुरलेल्या पोरांवर, त्यातला मिकाल ब्रिजेस तर पहिलं वर्ष एकही मॅच खेळला नव्हता, नुसती प्रॅक्टिस केली. आपल्याला जमण्यासारखं हे दुसरं आहे.

तरी एक तयार खेळाडू घ्यायचाच असेल तर पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारा घ्या, रिंगजवळ खेळणारा उंच सेंटर नको. आठ सेकंदात बॉल हाफच्या पुढे न्यायचा, 24 सेकंदात शॉट घ्यायचा, आणि समोरच्याने फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे पूर्ण मैदानभर अंगाला चिकटून अडवलं, की ज्याचा हात लहानपणापासून बसलेला नाही तो तिथेच बॉल घालवतो. उंच पोराला फुटवर्क दोन वर्षांत शिकवता येतं, पण दबावात ड्रिबल करणं अठराव्या वर्षी शिकवायला घेतलं तर फार उशीर झालेला असतो.

आता अकरावी. ज्या कॉलेजला ज्युनिअर जोडलेलं आहे त्यांच्याकडे ही मोठी ताकद आहे आणि बरेच जण ती वापरतच नाहीत. अकरावी-बारावीला पोरगं शालेय स्पर्धेत 19 वर्षांखालील गटात खेळतं, पुढे सिनिअरला विद्यापीठाकडून, म्हणजे एकाच कोचच्या हाताखाली सरळ पाच वर्षं. ट्रायलला नुसती हाईट मोजू नका, हात वर करून बोटं कुठपर्यंत जातात ते भिंतीवर खडूने मोजा, कारण 3.05 मीटरवरच्या रिंगला हातच पोचायचा असतो, डोकं नाही. आणि तीन-तीनची मॅच लावून एकच गोष्ट बघा, बॉल गेल्यावर पोरगं लगेच मागे पळतं की कमरेवर हात ठेवून उभं राहतं. मागे पळणाऱ्याला घ्या, शूटिंग नंतर बसवता येतं. तोटा एवढाच की पहिली दोन वर्षं सिनिअर टीमसाठी काही हाती लागत नाही, तोवर मॅनेजमेंटला धीर द्यावा लागतो.

तिसरा रस्ता आपल्या खान्देशात फार मोलाचा आहे. शहादा, तळोदा, धडगावकडच्या आश्रमशाळांतून पळायला दमदार पोरं-पोरी येतात, गावोगावी कबड्डी आणि व्हॉलीबॉल आहेच. पण कुठल्या खेळातून कोण येतंय त्यावर सगळं ठरतं. व्हॉलीबॉलवाल्याची उडी आणि टायमिंग तयार असतं, रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल पकडायला, सोनं, फक्त बॉल पकडायच्या ऐवजी टोलवायची सवय मोडावी लागते. हँडबॉलवाल्याचा पास मस्त, पण तिथे तीन पावलं चालतात म्हणून सुरुवातीला सारखं ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकणं, होतं. कबड्डीवाला खाली बसून डिफेन्स छान करतो, पण अंगावर जातो आणि पाच फाउल होऊन बाहेर बसतो. खो-खोवाला झटक्यात थांबतो नि वळतो, म्हणून समोरच्या गार्डच्या मागे लावायला उत्तम. बारा जणांत असे तीन-चार असले तर दुसऱ्या हाफला समोरची टीम दमते तेव्हा फरक दिसतो.

मुलींच्या टीमला तर मी हा रस्ता आणखी जोरात सुचवीन, फक्त घरी भेटायला जाताना सोबत मॅडम हव्यात आणि हॉस्टेलची रेक्टर कोण ते आधी सांगा. मुलगा असो की मुलगी, घरचे मेडलबद्दल विचारत नाहीत, आई विचारते, 'मना पोऱ्याले पोटभर जेवाले भेटी ना?' याचं खरं उत्तर तुमच्याकडे पाहिजे. मेसमध्ये रोज अंडी-दूध आहे का, प्रॅक्टिस संपून आठ वाजता आलं तर ताट झाकून ठेवलेलं असतं का, हे आधी मेसवाल्याशी बोलून पक्कं करा. कापूस वेचणीला पोरगं घरी लागतं, सातपुड्यातलं असेल तर होळीला जाणारच, त्या सुट्ट्या वेळापत्रकात आधीच धरा म्हणजे भांडण होत नाही.

आणि शोध जूनमध्ये नाही, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात सुरू करा. 17 वर्षांखालील जिल्हा स्पर्धा लागल्या की वही घेऊन मैदानावर बसा, दहावीत कोण आहे ते लिहा, आणि हरलेल्या टीमचीही नावं लिहा. तिथल्या चांगल्या पोराकडे सहसा दुसरं कुणी बघत नाही, आणि दहावीच्या निकालानंतर तुमचा फोन सगळ्यात आधी गेला तर ते तुमच्याकडे यायची शक्यता बरीच वाढते.