लॉन ट्रॅक्टर : १४ महिने, एक नट आणि डावं चाक

ओहायोत अर्ध्या एकराचं गवत ढकलायच्या मशीननं कापून कंबर धरली, म्हणून गेल्या वर्षी एप्रिलमध्ये हा बसून चालवायचा, गवत कापायचा ट्रॅक्टर घेतला : ४२ इंची डेक (खालचं पात्यांचं झाकण), हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअर बदलायची कटकट नाही. बाकीची माहिती दुकानाच्या पानावर आहेच. इंजिनाबद्दल तक्रार नाही. हिवाळाभर गॅरेजमध्ये पडून होता, तरी मार्चमध्ये दुसऱ्या चावीत उठला. कपहोल्डरमध्ये आपला स्टीलचा पेला बसत नाही, ते सोडा.

माझं भांडण आहे डेकच्या उजव्या लिंकवरच्या, म्हणजे डेक ज्याला टांगलेला असतो त्या दांड्यावरच्या, नटाशी.

मे महिन्यात कापलेल्या पट्ट्यांमध्ये पायऱ्या दिसायला लागल्या. डावीकडे गवत खुरटं, उजवीकडे उंच. जमिनीपासून मोजलं तर डाव्या पात्याचं टोक उजव्यापेक्षा जवळपास अर्धा इंच खाली. दोन्हींत एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक नको. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणे ट्रॅक्टर घेऊन या, किंवा आम्ही उचलून नेऊ, नेण्या-आणण्याचे ९० डॉलर, काम वेगळं. एक नट आवळायला? फोन ठेवला आणि पाना काढला.

चावी काढली, स्पार्क प्लगची वायर काढली, हातमोजे घातले, पाती आडवी केली आणि आडवा झालो. तो नट अशा जागी आहे की पाना जेमतेम एक षष्ठांश फेरा फिरतो. मग काढा, पुन्हा लावा. पाऊण तास. बोटांची सालं निघाली. ज्यानं हे डिझाइन केलं त्याला गवतावर उताणं झोपवून तो नट फिरवायला लावावा. पण डेक पातळीत आला. पुढचं टोक मागच्यापेक्षा पाव इंच खाली होतं, ते तसंच ठेवलं; पात्यानं पुढेच एकदा कापावं, मागे तेच गवत पुन्हा घासत बसू नये.

तीन आठवड्यांनी पायऱ्या पुन्हा हजर. इथवर लिहून दोन तारे देऊन मोकळा होणार होतो.

मग शनिवारी बायको म्हणाली, "ट्रॅक्टर डावीकडे झुकलाय का रे?" हवेचा दाब मोजायचा गेज लावला. मागचं उजवं चाक १० पीएसआय, डावं ५. मॅन्युअलमध्ये डेकच्या प्रकरणात पहिलीच ओळ आहे : आधी हवा तपासा. ती मी वाचलेली नव्हती. विक्रेत्यानंही फोनवर विचारलं नाही, हेही खरं. साबणाचं पाणी लावल्यावर व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले. आतली पिन बदलली, सायकलच्या पंपानं हवा भरली. खर्च तीन डॉलर.

आता गंमत बघा. मी डेक पातळीत आणला होता तो डाव्या चाकात हवा कमी असताना. हवा भरताच डेक उलट्या बाजूला कलला. म्हणजे पुन्हा उताणा, पुन्हा तोच नट, पुन्हा एक षष्ठांश.

दोनाचे चार तारे करतोय. पाचवा देणार नाही, तो नट तिथे असेपर्यंत. पाती मात्र यंदा कानशीनं घरीच धार लावून, खिळ्यावर टांगून तोल बघून बसवली. दोन्ही बाजू अजून सारख्या कापतायत. आणि गेज आता हँडलला दोरीनं बांधून ठेवलाय.