‘उघडू नका’ म्हणून दिलेली पेटी

हे लिहायला घ्यायला मला पाच महिने लागले. पैसे बुडाल्याचं दुःख आहेच, पण मी माझ्या थोरल्या बहिणीलाही यात ओढलं होतं, आणि तिथे आलं की हात थांबायचा. आता लिहितेय, कारण परवा एका मैत्रिणीने अगदी तशाच पेटीचा फोटो पाठवून विचारलं, ‘घेऊ का गं?’ तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात एका व्याख्यानापासून झाली. विषय होता, चलन कोसळलं तर घर कसं चालवायचं. बोलणारा माणूस पन्नाशीचा, शांत, आवाज न चढवणारा. त्याने झिंबाब्वेची एक नोट श्रोत्यांत फिरवली. 2009 च्या जानेवारीत निघालेली, शंभर ट्रिलियन डॉलरची, म्हणजे 1 वर 14 शून्यं. नोट हातात आली तेव्हा मी ती शून्यं बोटाने मोजली. मग तो जर्मनीवर आला. नोव्हेंबर 1923 मध्ये एका अमेरिकी डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. मग हंगेरी, जिथे जुलै 1946 मध्ये साधारण दर 15 तासांनी किमती दुप्पट होत होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत जून 1948 मध्ये नवा मार्क येईपर्यंत लोक सिगारेटवर व्यवहार करत होते, हेही त्याने सांगितलं. घरी येऊन मी एकेक गोष्ट पडताळली. सगळी खरी निघाली. इथेच मी फसले. माहिती खरी म्हणून माणूस खरा धरला, आणि माणूस खरा म्हणून त्याचा मालही.

माल म्हणजे एक ‘विनिमय पेटी’. पैसा चालेनासा झाला की देवघेवीला उपयोगी पडतील अशा वस्तू त्यात भरलेल्या: दहा-दहा ग्रॅमची चांदीची नाणी, बॅटरी सेल, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, भाज्यांची बियाणं, साबण, काडेपेट्या, मीठ, सुई-दोरा. प्रत्येक वस्तू चकचकीत चंदेरी पाकिटात हवा काढून बंद केलेली, नाण्यांना वर पारदर्शक डबी आणि सोबत शुद्धतेचं छापील प्रमाणपत्र. पेटीवर ठळक अक्षरांत सूचना होती: ‘गरज पडेपर्यंत उघडू नये. सील तुटल्यास हमी रद्द.’ कारणही पटण्यासारखं दिलं होतं, की हवा लागली की बियाणं मरतं, गोळ्यांचा जोर जातो, चांदी काळवंडते. यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरं आहे. पण या सूचनेचा खरा उपयोग वेगळाच होता, आणि तो कळायला मला एकोणीस महिने लागले.

मेख इथे आहे. आपण चप्पल घेतो, ती दुसऱ्या दिवशी पायात घालतो. खराब निघाली तर आठवड्यात दुकानदाराच्या दारात उभे राहतो. पण जी वस्तू अशा दिवसासाठी घेतली, जो दिवस कधीच येऊ नये अशी आपली इच्छा असते, ती वस्तू आपण वापरून बघत नाही. दहा वर्षं पलंगाखाली पडून राहते. तो दिवस आलाच नाही तर आपण खूश, आणि आलाच तर विकणारा सापडायचा कुठे? असा गिऱ्हाईक कोणत्या लबाडाला नको असेल! वर ‘उघडू नका’ म्हणून सांगितलं की गिऱ्हाईक स्वतःच त्या फसवणुकीवर पहारा देतं. मी दिला. घरात कुणी पाकिटाला हात लावला तर मी ओरडायचे.

पेटीत माझा दोन महिन्यांचा पगार गेला. मग पुढची पायरी आली. तेल, साखर, धान्य असा जड माल घरी कुठे ठेवणार, तर आमच्या गोदामात हिस्सा घ्या, त्याची कुपनं मिळतील आणि सभासद आपापसांत ती कुपनं चालवू शकतील. गोदाम दाखवायलाही नेलं. पोत्यांची पाच-सहा फूट उंच थप्पी, स्वच्छ जागा, दाराशी वही. मी पुढच्या रांगेतल्या एका पोत्यावर हात ठेवला, ते भरलेलं होतं. मागे जायला वाट नव्हती, आणि वाट का नाही हे मी विचारलं नाही. (पेट्रोल साठवून देण्याचीही त्यांची योजना होती. तेवढी मात्र मी नाकारली. पेट्रोल काही महिन्यांत उतरायला लागतं आणि घरात ते म्हणजे आगीला आमंत्रण. एवढं माहीत असूनही बाकीच्या मालाबद्दल प्रश्न पडला नाही.)

आणि मग ताई. नवा सभासद आणला की एक नाणं भेट मिळायचं. मला त्या नाण्याचा मोह होता असं मी म्हणणार नाही, ताईच्या घरातही साठा असावा असं मला मनापासून वाटत होतं. पण नाणं मी घेतलं, हेही खरं आहे. ताई म्हणाली होती, ‘तुला बरोबर वाटतंय ना? मग घे माझ्यासाठी पण.’ तिने एक प्रश्नही विचारला नाही. माझ्यावरच्या विश्वासाने तिने मुदत ठेव मोडली. ताईनंतर आमच्या बाबांचे जुने मित्र, ज्यांना आम्ही काकाच म्हणतो, तेही माझ्याच सांगण्यावरून सभासद झाले. त्यांच्या नावाचंही नाणं मी घेतलं.

एके रात्री वीज गेली. टॉर्चचे सेल संपलेले, दुकानं बंद. मी म्हटलं, पेटीतून चार सेल काढू, एका पाकिटाने काय बिघडतं? पाकीट फाडलं तर दोन सेलांच्या टोकाला पांढरी पूड जमलेली, बाहेर पाझरलेली. उरलेले दोन घातले. टॉर्च पिवळट लागला आणि पाच मिनिटांत विझला. सेल हातात घेतले तेव्हा ते नेहमीपेक्षा हलके लागले. मी अंधारात जमिनीवर बसून राहिले आणि पोटात गोळा आला, कारण त्या क्षणी मला बाकीच्या पाकिटांत काय असेल ते कळून चुकलं होतं.

सकाळी सगळं उघडलं. नाणी डब्यांतून बाहेर काढली आणि फ्रिजच्या दारावरचं चुंबक जवळ नेलं. टक् करून चिकटलं. चांदी चुंबकाला चिकटत नाही. तरी मन मानेना, म्हणून पाण्याची परीक्षा केली. ती नीट सांगते, कारण ती कुणालाही घरी करता येते. डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. दहा नाणी दोऱ्याने घट्ट बांधून पाण्यात पूर्ण बुडवायची, पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायची नाहीत. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर त्यांचं घनफळ. चांदीची घनता 10.5 च्या आसपास असते (एका मिलिलिटरला साडेदहा ग्रॅम), म्हणजे 100 ग्रॅम चांदीला साडेनऊ दिसायला हवेत. माझ्या काट्यावर पावणेतेराच्या जवळ आकडा आला. हे लोखंड होतं, वरून चांदीचा मुलामा दिलेलं. तीनदा बुडवून पाहिलं, आकडा तोच. नुसत्या चुंबकावर मात्र कुणी थांबू नका. तांबं, शिसं, पितळ यांनाही चुंबक चिकटत नाही, आणि ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात त्यात तर तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदीचा कणही नसतो. सोन्याला पाण्याची ही परीक्षाही पुरत नाही, कारण टंगस्टनची घनता जवळजवळ सोन्याइतकीच असते.

बियाणातले वीस दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवले. तीन रुजले. कांद्याचं बी तर नीट ठेवलं तरी वर्ष-दोन वर्षांत दुबळं होतं, त्याला ‘पंधरा वर्षं टिकणारं’ म्हणून विकणं हीच मुळात लबाडी.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते गोळ्यांचं. बाटलीवरच्या लेबलचा कोपरा सुटला होता. वाफ देऊन ते सोललं तर खाली जुनं लेबल, आणि त्यावरची मुदत मी पेटी घेतली त्याच्या आधीच संपलेली. उद्या खरंच वाईट दिवस आले असते, तर मी या गोळ्या एखाद्या आईला दिल्या असत्या. बदल्यात तिच्याकडून धान्य घेतलं असतं. तिने त्या घाण पाण्यात टाकून ते पाणी लेकराला पाजलं असतं. फसवला गेलेला माणूस अशा साखळीत पुढे फसवणारा होतो, नकळत का होईना. हा विचार आजही माझी झोप उडवतो.

साबण, मीठ, सुई-दोरा चांगले होते. पेटीतला सगळ्यात स्वस्त माल तेवढा अस्सल.

फोन लावला तर बंद. गोदामाला गेले तर तिथे दुसऱ्याच कुणाचं सामान. जागा थोड्या मुदतीच्या भाड्याने घेतली होती आणि मुदत संपताच त्यांनी गाशा गुंडाळला. तक्रार द्यायला गेले तेव्हा पावती नीट वाचली. त्यावर वस्तूंचा उल्लेखच नव्हता. लिहिलं होतं, ‘सभासदत्व व प्रशिक्षण वर्गणी, परत मिळणार नाही.’ सही माझीच. पैसे देताना पावतीवर काय लिहिलंय ते शब्दन्‌शब्द वाचा. वस्तूचं नाव, वजन, शुद्धता आणि नग त्यावर नसतील तर ती खरेदी नव्हे. तक्रार मी केली आहे, तपास चालू आहे. दोन आठवड्यांत एका गृहस्थाचा फोन आला: ‘तुमचे पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा.’ माझं नाव, रक्कम, सगळं त्याला माहीत होतं. फसलेल्यांची यादीसुद्धा विकली जाते, हे ध्यानात ठेवा. मी फोन ठेवला.

त्या शांत माणसाने व्याख्यानात जे गाळलं होतं, ते मी नंतर वाचलं. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांच्या छावण्यांत सिगारेटवर बाजार चालायचा हे त्याने सांगितलं होतं. पण अशाच छावणीत कैदी म्हणून राहिलेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड रॅडफर्ड यांनी 1945 मध्ये हेही लिहून ठेवलं आहे, की कैदी सिगारेट बोटांत चोळून तिची तंबाखू गाळून घेत आणि पोकळ झालेली सिगारेट पुढे चालवत. चांगली ओढली जायची, हलकी हातोहात फिरायची. अर्जेंटिनात 1995 मध्ये ब्वेनोस आयरेसजवळच्या बेर्नाल इथे वस्तुविनिमयाचे मेळावे सुरू झाले, आणि 2001 च्या अखेरीस बँकांतून पैसे काढण्यावर बंधनं आल्यावर तिथे लोकांची झुंबड उडाली. त्यांची स्वतःची कुपनं होती, ‘क्रेदितो’ नावाची. 2002 मध्ये खोटी कुपनं इतकी पसरली की लोकांचा विश्वास उडाला आणि बहुतेक मेळावे बसले. म्हणजे ज्यांच्यावर खरोखर ती वेळ आली, त्यांनाही आधी माल पारखायला लागला. अदलाबदलीत समोरचा माणूस पाकीट फोडणार, वास घेणार, नाणं वाजवून बघणार. माझी चंदेरी पाकिटं पहिल्याच माणसासमोर उघडी पडली असती.

मैत्रिणीला मी म्हटलं, साठा कर, जरूर कर, पण घरात रोज लागणाऱ्या वस्तूंचा. जुनं आधी वापरायचं आणि नवं मागे ठेवायचं, म्हणजे प्रत्येक खेपेचा माल दर महिन्याला आपोआप तपासला जातो. मोठं डबडं घेण्यापेक्षा लहान नग घे. अर्धा साबण कापून द्यायची वेळ येऊ नये. सीलबंद घेतलंसच तर एक नग दुकानदारासमोर फोड, आणि तो फोडू देत नसेल तर उठून ये. चांदी घ्यायचीच असेल तर पारखून देणाऱ्याकडून, पावतीवर वजन आणि शुद्धता लिहून घेऊन. दारू विनिमयाला चांगली असं सांगणारे भेटतील, त्यांच्याकडची बिनलेबलची बाटली घेऊ नकोस. मिथेनॉल वासावरून ओळखता येत नाही आणि त्याने डोळे जातात, जीवही जातो. आणि कुपनावर तुझा माल दुसऱ्याच्या कुलपात ठेवू नकोस.

ताईला मी सगळं समोर बसून सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, ‘चहा टाक.’ तिचे पैसे मी दर महिन्याला थोडेथोडे परत करतेय. ती नको म्हणते, मी तिच्या खात्यात भरते.

राहिले काका. त्यांना फोनवर पेटी उघडायला सांगितलं तर म्हणाले, ‘राहू दे गं. बंद आहे तोवर निदान आहे असं तरी वाटतं.’ त्यांच्या पेटीतही त्याच गोळ्या आहेत, आणि वेळ आली तर ते त्या कुणाला तरी देतील, स्वतःही घेतील. त्यामुळे रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. चुंबक, वजनकाटा आणि दोरा पिशवीत भरून ठेवलाय.