कारंज्याची डाळ, वाशीचा बाजार: एका मालवाहतूक सेवेचे परीक्षण

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाड परिसरातील आमच्या लहानशा डाळ मिलचा माल वाशीच्या घाऊक बाजारात आणि पुण्याच्या मार्केट यार्डात जातो. पूर्वी गाडी गावातल्या दलालामार्फत ठरत असे. अलीकडे बहुतेक माल एका मोठ्या वाहतूक कंपनीच्या, मोबाइलवरून ट्रक मागवण्याच्या सेवेने जातो. कंपनीचे नाव देत नाही, कारण या धंद्यात नव्याने उतरलेल्या बहुतेकांचा व्यवहार याच वळणाचा आहे आणि खाली जे लिहिले आहे ते कमीअधिक प्रमाणात सर्वांना लागू पडते. जिनिंगवाले, डाळ मिलवाले आणि शेतकरी उत्पादक कंपन्या चालवणारे यांना ठरवायला मदत व्हावी, एवढाच हेतू आहे. माझे मत आधीच सांगतो: रस्त्यावरचे काम चोख आहे, माल भरण्याच्या आणि उतरवण्याच्या टोकाला मात्र ही सेवा तितकीच ढिली आहे. देशाच्या मालवाहतुकीचे येत्या काही वर्षांत काय होईल, याचा अंदाजही मला याच दोन टोकांवरून येतो.

आधी चोख भाग. मालाचा प्रकार, वजन आणि ठिकाण भरले की भाडे समोर दिसते. सहा चाकी हवी की दहा चाकी ते निवडायचे, आणि हंगाम नसेल तर त्याच दिवशी गाडी दारात उभी राहते. बिल्टी, म्हणजे माल गाडीत भरल्याची पावती, मोबाइलवर येते, गाडी कुठे पोहोचली ते नकाशावर दिसते आणि माल उतरल्यावर सही-शिक्क्याच्या पोहोचेचा फोटो त्याच दिवशी मिळतो. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. पूर्वी पोहोच ड्रायव्हरच्या खिशात असे. तो दुसरे भाडे घेऊन गुजरातला गेला की ती महिनाभर फिरत राही, तोवर गाडीमालकाची बाकी अडकलेली आणि व्यापाऱ्याचे आमच्याकडचे पैसेही अडकलेले. हा घोळ आता जवळजवळ संपला आहे. कोणी विचारले तर एवढ्या एका कारणासाठीही मी ही सेवा वापरायला सांगेन.

वेळेतली बचत मात्र कंपनीच्या खात्यावर जमा करता येणार नाही. ती समृद्धी महामार्गाची आहे. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते ठाणे जिल्ह्यातील आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. कारंज्याला महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोय (इंटरचेंज) असल्यामुळे आमची गाडी गावाबाहेर पडताच महामार्गाला लागते. मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना अशा जुन्या रस्त्यावर प्रत्येक गावात अडकत जाणारी गाडी आणि ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत एकसारखी चालणारी गाडी यांत मोठा फरक आहे. संध्याकाळी भरलेला माल दुसऱ्या दिवशी ठाणे जिल्ह्यात असतो. तरीही सर्वच गाड्या समृद्धीने जातात असे नाही. भाडे ठरवताना टोल कोणाकडे हे स्पष्ट केले नसेल, तर गाडीमालक हमखास जुन्या रस्त्याने गाडी काढतो, आणि रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेल्या, टायरवर गाडी चालवणारे जुने ड्रायव्हर टायर फुटेल म्हणून उन्हाळ्यातल्या तापलेल्या काँक्रीटवर गाडी घालायला तयार नसतात. त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. म्हणून भाडे नक्की करताना ‘समृद्धीने, टोलसह’ असे लिहून घ्यावे. मोबाइलवर सूचनेसाठी जी छोटी चौकट असते तिथे हे लिहिता येते.

आता दोन टोके. आमची मिल मुख्य रस्त्यापासून आत आहे आणि पावसाळ्यात त्या रस्त्याची जी अवस्था होते ती पाहून दहा चाकी गाडीचा ड्रायव्हर फाट्यावरच थांबतो. मग माल पिकअपमध्ये भरायचा, फाट्यावर आणायचा आणि पुन्हा चढवायचा. हमाली दुप्पट आणि कट्टे फाटण्याचे प्रमाणही दुप्पट. सोयाबीनच्या कापणीत हमालच मिळत नाहीत, कारण तेच हात शेतात जास्त मजुरीवर गेलेले असतात. कंपनीच्या दरपत्रकात या कशाचाच हिशेब नाही. तिच्या लेखी अंतर म्हणजे नकाशावरची रेघ.

वाशीच्या टोकाला प्रश्न वेगळा आहे. गाडी बाजाराच्या आवारात शिरली की मोबाइलवर ‘पोहोचली’ असे हिरव्या अक्षरांत दिसते, आणि तेथून पुढे खरी प्रतीक्षा सुरू होते. गाळ्यावर आधीची गाडी खाली होत असते, माथाडी टोळी दुसरीकडे गुंतलेली असते, आणि माल उतरवण्याची वाराई, म्हणजे हमालीचे पैसे, गाडीवाल्याने द्यायची की माल घेणाऱ्याने, हा वाद तर या धंद्याइतकाच जुना आहे. माथाडींना १९६९च्या कायद्याने मिळालेले संरक्षण योग्यच आहे. तक्रार त्यांच्याविषयी नाही. तक्रार ही आहे की ज्या कंपनीने भाडे आधी ठरवून सगळे पारदर्शक केल्याचा दावा केला, तिने वाराईचा आणि गाडी खोळंबल्याबद्दल द्यायच्या मुक्कामाच्या पैशांचा रकाना कोराच ठेवला. गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत भरलेलीच राहिली की ड्रायव्हरचा फोन थेट आम्हाला येतो. असाच एकदा दारव्ह्याकडचा एक ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “शेठ, भाड्याचं काही नाही, गाडी खाली कधी होईन ते सांगा.” त्याला उत्तर देणारे कंपनीत कोणी नव्हते, ग्राहक सेवेच्या क्रमांकावर पुण्यातली एक मुलगी अत्यंत नम्रपणे तक्रार नोंदवून घेत होती.

जुना दलाल या ठिकाणी उपयोगी पडत असे. त्याची दलाली आम्हाला खुपायची, पण वाशीला कोणत्या गाळ्यावर कोणाला फोन करायचा हे त्याला ठाऊक होते. अकोल्याला खताची गाडी रिकामी झाली आहे आणि ती परतीच्या भाड्यासाठी अडून आहे, ही बातमी त्याला चहाच्या टपरीवर मिळत असे. परतीचे भाडे हा विदर्भाच्या वाहतुकीचा कळीचा मुद्दा आहे. येथून कापसाच्या गाठी, डाळ, सोयापेंड, संत्री, कोळसा आणि सिमेंट बाहेर जाते. येथे येते ते किराणा, खत, बांधकामाचे लोखंड, आणि तेही बाराही महिने सारख्या प्रमाणात नाही. तुरीच्या हंगामात, म्हणजे जानेवारीपासून पुढे, गाड्यांची मागणी एकदम चढते आणि मोबाइलवरचे भाडे सकाळी एक, दुपारी दुसरे दिसते. दलालही हंगामात भाव वाढवी. पण वर्षभर माल दिलेल्या मिलला तो थोडे सांभाळून घेई. यंत्राला तो हिशेब कळत नाही.

देशाच्या पातळीवर याच काळात चित्र बरेच आशादायक रंगवले जाते, आणि त्यात तथ्यही आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईच्या जकात नाक्यांवरच्या रांगा इतिहासजमा झाल्या. २०२१च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले. मालवाहतूक आणि साठवणुकीचा खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या १३ ते १४ टक्के आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. केंद्र सरकारने राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेकडून करून घेतलेल्या अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये तो ७.९७ टक्के होता. हा आकडा वाचून कोणी असे समजू नये की खर्च एकदम अर्ध्यावर आला. आधीचा आकडा ढोबळ अंदाजावर उभा होता आणि नव्याची मोजण्याची पद्धतच निराळी आहे. शिवाय लहान उद्योगांवर हा बोजा मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक पडतो. आमच्यासारख्या मिलला ते कोणत्याही अहवालाशिवाय समजते: मोठी कंपनी पूर्ण गाडी भरते, वर्षाचा दर ठरवते आणि स्वतःच्या गोदामात माल उतरवते, आम्ही अर्धी गाडी भरतो, रोजचा दर देतो आणि दुसऱ्याच्या गाळ्यासमोर थांबतो.

(जाता जाता एक विषयांतर. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के कर लागू झाला, त्याहून मोठ्या कट्ट्यावर नाही, म्हणून बाजारात ३० किलोचे कट्टे दिसू लागले. करनियम दिल्लीत लिहिला जातो आणि त्याचे वजन कारंज्याच्या हमालाच्या पाठीवर येते.)

रेल्वेचा पर्याय का वापरत नाही, असे काही जण विचारतात. देशातील मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात आहे, आणि आज तो त्यापेक्षा बराच खाली आहे. कोळसा, सिमेंट, लोहखनिज यांच्यासाठी रेल्वेला तोड नाही. पण पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरायची तर अडीच हजार टनांहून अधिक माल लागतो. आमच्यासारख्या मिलने तो आणायचा कोठून? त्यातही कारंजा ब्रॉडगेजवर नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी शकुंतला ही अरुंद रुळांची रेल्वे आमच्या गावावरून जात असे, ती किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या दिशेने नेण्यासाठी उभी केली होती. आज तिचे रूळ गवतात आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा भाग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु मालवाहतुकीसाठी खास बांधलेल्या दोन्ही मार्गिका, लुधियाना ते सोननगर आणि दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर, विदर्भाला वळसा घालून जातात. त्यामुळे पुढची दहा वर्षे तरी आमचा माल चाकांवरच, आणि तीही रबरी, असे धरून चालावे लागेल.

ती चाके फिरवणारा माणूस टिकेल का, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. आमच्या भागात ट्रकमालक म्हणजे बहुधा एक-दोन गाड्यांचा धनी, आणि ड्रायव्हरचा मुलगा ड्रायव्हर होण्यास तयार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरसाठी वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. विदर्भाच्या मे महिन्यात गाडी चालवणाऱ्यासाठी ही चैन नव्हे. पण जानेवारी २०२४ मध्ये अपघातविषयक नव्या तरतुदीविरुद्ध ड्रायव्हर संपावर गेले आणि दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा हा माणूस किती नाराज आहे हेही दिसले. मुक्कामाचे पैसे न मिळणे ही त्या नाराजीतली सर्वांत साधी आणि सर्वांत सहज दूर होण्याजोगी बाब आहे. विजेवर चालणाऱ्या ट्रकसाठी केंद्राने अनुदान जाहीर केले असले, तरी आमच्या मार्गावर तशी गाडी मी अद्याप पाहिलेली नाही.

सेवेविषयी सर्वांत गंभीर आक्षेप नुकसानभरपाईचा आहे. गेल्या पावसाळ्यात ताडपत्री फाटल्यामुळे काही कट्टे भिजले. कंपनीने कळवले की ती केवळ गाडी आणि ग्राहक यांची गाठ घालून देते, जबाबदारी गाडीमालकाची आहे. हे उत्तर सरसकट मान्य करण्याचे कारण नाही. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यातील वाहकाच्या व्याख्येत माल बुक करणारी कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि दलाल यांचाही समावेश आहे, आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. आम्ही नोटीस दिली, फोटो आणि वजनकाट्याच्या पावत्या जोडल्या, आणि बऱ्याच पत्रव्यवहारानंतर रकमेचा मोठा भाग मिळाला. नोटीस दिली नसती तर तोही मिळाला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे. माल भरताना ताडपत्री वरून खालून स्वतः पाहावी आणि बिल्टीवर मालाची किंमत लिहूनच घ्यावी.

एकूण व्यवहार पाहता, मुंबई किंवा पुण्याला पूर्ण गाडी पाठवायची असेल, हंगाम ऐन भरात नसेल आणि माल घेणारा वेळेवर गाडी खाली करणारा असेल, तर ही सेवा निःसंकोच वापरावी. अर्ध्या गाडीचा माल, आतल्या गावातून उचलायचा माल आणि हैदराबाद-कोलकात्यासारख्या, परतीचे भाडे अनिश्चित असलेल्या ठिकाणचा माल अजूनही दलालाकडेच द्यावा. आम्ही तसेच करतो. तुरीच्या हंगामाआधी कंपनीशी वर्षभराच्या दराची बोलणी सुरू आहेत. त्यात आमच्या दोनच अटी आहेत: गाडी पोहोचल्यावर पहिल्या चोवीस तासांनंतर मुक्कामाचे पैसे किती आणि ते कोणी द्यायचे हे लेखी हवे, आणि वाराईची रक्कम भाड्यातच धरलेली हवी. पहिली अट त्यांनी तत्त्वतः मान्य केली आहे. दुसरीवर अजून उत्तर आलेले नाही.