नाशिकच्या बाल्कनीत पहिली कुंडी कशाची: पुदिना, कोथिंबीर की कढीपत्ता?

फ्लॅटमध्ये दोन-तीन कुंड्यांपुरती जागा असेल आणि घरची ताजी पानं तब्येतीसाठी खायची असतील, तर एकच प्रश्न आधी विचारा: यातलं कोणतं पान आपल्या घरात मूठभर खाल्लं जातं? पोषणाचे आकडे 100 ग्रॅमचे असतात. वरणावर आपण भुरभुरतो ती चिमूटभर.

कढीपत्त्याचंच बघा. 100 ग्रॅम पानांत 600 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, म्हणजे कागदावर तो दुधाला कुठच्या कुठे मागे टाकतो. पण फोडणीतली सात-आठ पानं आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. कढीपत्ता खरोखर पोटात जायला हवा असेल तर पानं सावलीत वाळवून, तीळ, सुकं खोबरं आणि लसूण घालून चटणी कुटा. झाडाला मोठी कुंडी आणि कडक ऊन लागतं, पहिल्या वर्षी ते फारसं खुडता येत नाही. नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली उतरला की त्याची वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळतात. अनेक जण झाड मेलं समजून उपटून टाकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पाणी कमी करून थांबा. ऊन तापू लागलं की नवे फुटवे येतात.

कोथिंबीर कच्ची खाल्ली जाते, त्यामुळे तिच्यातलं क जीवनसत्त्व शिजून वाया जात नाही. तरीही नाशिककरांनी ती कुंडीत लावण्याची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इथली कोथिंबीर मुंबईच्या बाजारात जाते. आवक वाढली की आपल्याकडे जुडी अगदी स्वस्त मिळते, आणि एका कुंडीतून निघते जेमतेम एक जुडी. पावसाळ्यात भाव चढतो खरा, पण तेव्हा कुंडीतली रोपंही सडतात. हौस असेल तर ऑक्टोबर ते जानेवारीत पेरा. धणे हलके रगडून दोन फाका करायच्या. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. उन्हाळ्यात ती पानं धरण्याआधीच फुलावर जाते. बाजारची जुडी मात्र भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवा, माती देठाशी अडकलेली असते.

माझी पसंती पुदिन्याला. बाजारातल्या जुडीतल्या दोन जाड काड्या पाण्यात ठेवल्या की काही दिवसांत मुळं फुटतात. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळणारी पूर्वेची बाल्कनी त्याला मानवते. नुसती काळी माती भरू नका, पाणी साचतं. निम्मं शेणखत आणि वाळू मिसळा. कुंडी त्याची एकट्याचीच ठेवा, कारण धुमारे पसरून तो शेजारच्या रोपाला जगू देत नाही. जितका खुडाल तितका दाट होतो. चटणी, ताक, कोशिंबीर, पुलाव यांत तो सहज मूठभर जातो. रक्तदाबवाल्या घरात त्याचा आणखी एक उपयोग होतो: ताकात भरपूर पुदिना आणि भाजलेलं जिरं घातलं की मीठ कमी टाकलेलं जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, त्या दृष्टीने ही सवय मोलाची आहे.

पण छातीत जळजळ होत असेल, आंबट पाणी वर येत असेल, तर पुदिना बेतानेच घ्या. काहींचा त्रास त्याने वाढतो. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर हिरव्या पानांचं प्रमाण अचानक वाढवू नका किंवा बंदही करू नका. त्यांतलं के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम बदलतं, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला.

गवती चहाची पात उकळून फेकली जाते. सुगंधासाठी जरूर लावा, पोषणाच्या हिशोबात धरू नका.

नर्सरीतून तयार रोप आणलंत तर त्यावर कसली फवारणी झाली आहे ते विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर असलेली पानं खुडून टाका आणि नव्या फुटव्याचीच खा.