चाइल्डचा बॅलड-संच: आठ महिने वापरल्यावर

काल रात्री दुसऱ्या खंडाची बांधणी सुटली आणि 'बार्बरा ॲलन' या गाण्याची पानं हातात आली. म्हणून हे लिहायला बसलो.

फ्रान्सिस जेम्स चाइल्डने जमवलेले ३०५ बॅलड, म्हणजे इंग्लिश-स्कॉटिश कथागीतं (मूळ प्रकाशन १८८२ ते १८९८); याहून जास्त इथे सांगत बसत नाही. माझ्याकडे पाच खंडांचं पेपरबॅक पुनर्मुद्रण आहे. चार खंड अजून कोरे करकरीत. प्रेमापायी मरणारी माझी लाडकी मंडळी, क्रमांक ७३, ७४, ८४ (हीच बार्बरा), एकाच खंडात कोंबलेली, त्यामुळे उघडला जातो तोच. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे परत घ्यायची मुदत दहा दिवस. सुटा खंड मिळत नाही, अख्खा संच घ्या. कशाला? फेविकॉल लावला, वर वरवंटा ठेवला.

मजकुराबद्दल सुरुवातीला मी हसलोच होतो. ७३ मध्ये आई लॉर्ड थॉमसला सांगते, सावळी मुलगी कर, तिच्याकडे घर-जमीन आहे. लग्नात त्याची प्रेयसी एलिनॉर येते, नवरीच्या रंगावर बोलते. नवरी तिला चाकू खुपसते, थॉमस नवरीचं डोकं उडवतो आणि मग स्वतःलाही संपवतो. एका लग्नात तीन मुडदे! पण चौथ्यांदा वाचताना त्या घर-जमिनीपाशीच अडकलो. अशी स्थळं आमच्या घरातही बघितली गेली आहेत.

बार्बराचंही तसंच. स्कॉटिश पाठात तिच्या रागाला कारण आहे: गुत्त्यात प्रियकराने सगळ्यांच्या नावाने पेले फिरवले आणि तिला डावललं. इंग्लिश छापील पाठात कारणच नाही, ती त्याच्या प्रेताकडे बघून हसते. मला आता तोच जास्त आवडतो.

खरी चीड चालींची. जुन्या ब्रॉडसाइडवर, म्हणजे गाणं छापून विकायच्या सुट्या कागदावर, मथळ्याखाली 'अमक्या चालीवर' असं छापलेलं असायचं, आपल्या नाट्यपदांवर 'चाल' असते तसं. चाइल्डने चाली जवळपास दिल्याच नाहीत. त्यासाठी या चाली जमवणाऱ्या ब्रॉन्सनचे चार खंड वेगळे, म्हणजे पुन्हा खर्च. शेवटी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठाचा ऑनलाइन संग्रह सापडला. मूळ कागदांची छायाचित्रं, गाऊन दाखवलेल्या चाली, सगळं फुकट! तिथे कळलं की छापखानेवाले चित्राचा तोच लाकडी ठसा वेगवेगळ्या गाण्यांवर खुशाल वापरायचे. माझ्यापेक्षा काटकसरी.

बार्बराची पानं मात्र चिकटवली नाहीत, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली. तेव्हाही सुटा कागदच विकायचे म्हणा, पण पेनीला. विक्रेत्याला एक तारा.