रोज इसबगोल की रोज चूर्ण? वर्षानुवर्षे घ्यायचं असेल तर

यावल तालुक्यातल्या आमच्या घरी रात्रीची जेवणं झाली की आबा बद्धकोष्ठासाठी इसबगोलचा डबा काढायचे. चमचाभर भुसा तळहातावर, तिथून थेट तोंडात फक्की आणि वर घोटभर पाणी. एका रात्री तो भुसा छातीतच अडकला. आबांना लाळसुद्धा गिळवेना. जळगावला नेऊन दुर्बिणीने तो काढावा लागला. घरी परतल्यावर आई म्हणाली, आता इसबगोल बंद, त्यापेक्षा चूर्ण बरं. मला ते पटलं नाही. चुकला होता तो पाण्याचा हिशेब.

चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात टाकून दोन-चार मिनिटं बघा. साबुदाण्याच्या खिरीसारखं घट्ट बुळबुळीत होतं. पोटातही तेच घडायला हवं, घशात नव्हे. हा चोथा पचत नाही, रक्तात जात नाही. पाणी धरून मळ मऊ करतो आणि त्याचा आकार वाढवतो, म्हणून आतडं स्वतःच्या जोरावर तो पुढे ढकलतं. त्यामुळेच तो वर्षानुवर्षे घेता येतो. वाईट कोलेस्टेरॉल थोडं कमी होणं आणि जेवणानंतरची साखर सावकाश चढणं हा वरचा फायदा. मात्र गुण यायला 12 तासांपासून तीन दिवस लागतात. पहिल्याच सकाळी काही झालं नाही म्हणून लोक डबा बाजूला ठेवतात, ते चुकतं.

बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. डबीवरची घटकांची यादी वाचा. ती आतड्याला डिवचून काम करते, सहा ते बारा तासांत पोट साफ. लग्नाचं जेवण, प्रवास, दोन दिवस कोठा जड, अशा वेळी ठीक. रोज मात्र नको. तिने आतडं कायमचं सुस्त पडतं असं सगळे म्हणतात, त्याला भक्कम पुरावा नाही. खरा धोका जास्त मात्रेचा आहे: जुलाब होऊन अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर हे जिवावर बेतू शकतं.

गव्हाचा कोंडा स्वस्त, पण त्याने गुबारा जास्त धरतो. तो विकत आणण्यापेक्षा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी वाढवा. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 10 ग्रॅम चोथा असतो, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज 25 ते 30 ग्रॅम.

लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर आतड्यात पाणी खेचून आणते. इसबगोलने भागलं नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही दीर्घकाळ चालतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी मॅग्नेशियाच्या औषधांना परस्पर हात लावू नये.

माझं मत इसबगोलकडे झुकतं, पण घ्यायची रीत पाळून. पहिला आठवडा रोज एकच चहाचा चमचा, मग दोन. एकदम वाढवलं तर पोट फुगतं. मोठा पेलाभर पाण्यात ढवळायचं, घट्ट व्हायच्या आत प्यायचं, वर आणखी पेलाभर पाणी. आडवं व्हायच्या तोंडावर घेऊ नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि केळीच्या बागेत राबणाऱ्याचं सगळं पाणी घामातून निघून जातं. अशा दिवसांत पाणी कमी आणि इसबगोल जास्त झालं तर मळाचा गोळाच बसतो. थायरॉईडची, डिगॉक्सिनची किंवा फिटची गोळी असेल तर मध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. नेमकं किती ते डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर साधा बिनसाखरेचा भुसा घ्या, चवीच्या डब्यांत साखर असू शकते.

गिळायला त्रास होणाऱ्यांना, आतडं अरुंद झालेल्यांना आणि अंथरुणाला खिळून कमी पाणी पिणाऱ्यांना हे देऊच नका. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा बीपीच्या काही गोळ्यांनीही कोठा बांधला जातो, तेव्हा आधी त्या तपासून घ्या. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला त्रास, असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. पोट फुगून उलट्या होतात आणि वाराही सरत नाही, तर कोणताही डबा न उघडता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आबा आता इसबगोल संध्याकाळी सातलाच घेतात, जेवणाआधी, स्टीलच्या मोठ्या पेल्यातून. दुसरा पेला आई भरूनच ठेवते.