तिकीट खरं होतं, तरीही मला आत सोडलं नाही

सगळ्यात आधी हे सांगते की मला विकलेलं रॉक कॉन्सर्टचं तिकीट खोटं नव्हतं. हे ऐकून लोक गोंधळतात आणि म्हणूनच लिहायला बसलेय, कारण खोटं तिकीट कसं ओळखायचं यावर ढीगभर सल्ले मिळतात, लोगो बघा, फॉन्ट बघा, स्पेलिंग बघा वगैरे, आणि ते सगळं मी बघितलं होतं. लोगो बरोबर, रांग आणि सीट नंबर हॉलच्या नकाशाशी जुळणारा, ऑर्डर नंबर होता, बुकिंगची मेलसुद्धा अस्सल. ज्याने मला विकलं त्या माणसाने ते तिकीट खरोखर पैसे देऊन काढलेलं होतं. फक्त पुढे त्याने ते मला एकटीलाच विकलेलं नव्हतं.

मोठ्या रॉक बँडचा शो सोल्ड आउट होणं म्हणजे काय ते ज्यांनी प्रीसेलच्या, म्हणजे सगळ्यांसाठी विक्री उघडायच्या आधीच्या विक्रीच्या, ऑनलाईन रांगेत बसून बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पेज रिफ्रेश करू नका म्हणतात, पुढे हजारो लोक दिसतात, आपली पाळी येईपर्यंत सीटचा सगळा नकाशा राखाडी झालेला. लेड झेपलिन या जुन्या ब्रिटिश रॉक बँडवाले १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनामध्ये एका रात्रीपुरते एकत्र आले, पेज, प्लांट, जोन्स आणि ड्रमवर जेसन बॉनम, तेव्हा दोन कोटी लोकांनी तिकिटासाठी नाव नोंदवल्याचं आयोजकांनी सांगितलं होतं, आणि हॉलमध्ये माणसं मावतात साधारण वीस हजार. २०२४ मध्ये ओअॅसिसच्या रीयुनियनची, म्हणजे तो बँड पुन्हा एकत्र येण्याच्या शोची, विक्री उघडली तेव्हाही तेच, लोक तासन् तास रांगेत. आता एवढ्या लोकांना हात हलवत परत जावं लागतं म्हटल्यावर त्यांच्यासाठी दुकान मांडून बसणारे येणारच.

मी बरीच वर्षं कॉन्सर्टना जातेय, छोट्या क्लबपासून स्टेडियमपर्यंत. हेडफोनमध्ये कितीही चांगलं ऐकलं तरी किक ड्रम छातीवर आदळतो ते तिकडे मिळत नाही, आणि गाण्याच्या सुरुवातीच्या गिटारच्या धूनच्या, म्हणजे ओपनिंग रिफच्या, पहिल्या दोन नोटांवर पूर्ण हॉल ओळखीची आरोळी ठोकतो ते तर कुठेच मिळत नाही. त्यामुळे ज्या बँडची मी शाळेपासून वाट बघत होते त्यांच्या टूरचं तिकीट प्रीसेलला मिळालं नाही तेव्हा मी गप्प बसणार नव्हतेच. (बँडचं नाव घेत नाही, त्यांचा काही दोष नाही यात, शो म्हणे अफाट झाला.)

फॅन लोकांच्या एका ग्रुपमध्ये एकाने पोस्ट टाकली होती, कामामुळे येता येत नाहीये, ब्लॅकवाल्यांना द्यायचं नाही, खऱ्या फॅनला मिळावं एवढीच इच्छा, मूळ किमतीलाच देतो. मूळ किमतीला, हे लक्षात घ्या. चढ्या भावाने विकणाऱ्याबद्दल आपण आधीच सावध असतो, याने भाव वाढवलाच नाही त्यामुळे तो शंकेच्या यादीतच आला नाही. आणि गरज काय त्याला भाव वाढवायची, एकच तिकीट पाच-सात जणांना मूळ किमतीत विकलं की झालंच की काम.

मेसेजवर बोलायला लागलो तर माणूस एकदम आपल्यातला. कुठल्या टूरला कुठलं गाणं सेटलिस्टमधून (शोला वाजवायच्या गाण्यांच्या यादीतून) काढलं, जुना ड्रमर बरा की नवा, सगळं माहीत. मला म्हणाला की ही सीट साउंड डेस्कच्या सरळ रेषेत आहे, मिक्सिंग करणारा इंजिनियर तिथे बसून आवाज ठरवतो म्हणून तिथे ऐकायला सगळ्यात बरं, स्टेजला खेटून उभं राहिलं की गिटारच्या अॅम्पचाच आवाज अंगावर येतो आणि गायकाचे शब्द कळत नाहीत. आता हे शंभर टक्के खरं आहे आणि असं बोलणारा माणूस चोर असेल हे कुणाच्या डोक्यात येईल? इयरप्लग विसरू नकोस म्हणून वर आठवणसुद्धा केली. तो फॅन होता यावर माझा आजही विश्वास आहे. लोक म्हणतात फॅन फॅनला फसवणार नाही, ते डोक्यातून काढून टाका. उलट फॅनलाच माहीत असतं आपण कुठे विरघळतो ते.

पुढची पायरी व्हिडिओ कॉल. मी मागितला पण नव्हता, त्यानेच केला. स्क्रीन शेअर करून स्वतःचं अकाउंट उघडलं, ऑर्डर दाखवली, पेज रिफ्रेश करून दाखवलं म्हणजे फोटो एडिट केलाय असं वाटायला नको. मी विचारलं की माझ्या अकाउंटला ट्रान्सफर कर ना, तर म्हणाला ट्रान्सफर अजून चालू झालं नाहीये, शोच्या थोडं आधी उघडतात, तोपर्यंत पीडीएफ ठेव तुझ्याकडे. ही थाप इतकी चांगली का बसते तर काही शोला खरंच तसं असतं, ब्लॅक करणाऱ्यांना वेळ मिळू नये म्हणून आयोजक ट्रान्सफर उशिरा उघडतात. खऱ्या गोष्टीत खोटं इतकं बेमालूम मिसळलेलं होतं की वेगळं काढता आलं नसतं.

पैसे पेपालने पाठव म्हणाला, पण 'फ्रेंड्स अँड फॅमिली' पर्यायातून, कारण दुसऱ्या पर्यायात फी कापतात. हे मात्र नीट वाचा. मित्र किंवा नातेवाईकाला भेट म्हणून पैसे पाठवण्यासाठी तो पर्याय आहे, त्यात खरेदीचं कसलंही संरक्षण नसतं, वस्तू मिळाली नाही म्हणून तक्रार केली तर उत्तर येतं की तुम्ही काही विकत घेतलंच नाहीये. थोडीशी फी वाचवायच्या नावाखाली तो माणूस तुमच्या हातातलं एकुलतं एक हत्यार काढून घेतो. कार्डने रीतसर खरेदी केली असती तर निदान बँकेकडे वाद तरी घालता येतो.

गेटवर काय झालं ते थोडक्यात. बारकोड धरला, स्कॅनर लाल झाला, आधीच वापरलेलं तिकीट. सिक्युरिटीवाली बाई चांगली होती, परत दोनदा करून बघितलं, मग म्हणाली बॉक्स ऑफिसला जा. तिकडे गेले तर खिडकीजवळ एक जोडपं आणि एक कॉलेजचा मुलगा घसा फाडून भांडत होते, आणि त्या मुलाच्या हातातल्या कागदावर माझीच रांग, माझीच सीट. त्याच्याही आणि माझ्याही तोंडून काही निघेना. जोडप्याकडे माझी सीट आणि शेजारची, म्हणजे त्या महाभागाने काढलेली तिकिटं दोन होती. थोड्या वेळाने अजून एक जण आला. मग आम्ही सगळे एका भिंतीला टेकून आपापले चॅट उघडून बसलो आणि ते वाचताना जे काही झालं ते फसवणुकीपेक्षा जास्त लागलं मला, कारण वाक्यं सारखीच होती. जुन्या ड्रमरवरचा विनोद सगळ्यांना. साउंड डेस्क सगळ्यांना. इयरप्लगची काळजीसुद्धा सगळ्यांना, त्याच शब्दांत.

आत तेव्हा शो सुरू झाला होता. भिंतीतून बास आणि किक तेवढे येतात बाहेर, वरचे सूर अडतात, त्यामुळे कुठलं गाणं चाललंय ते ओळखायचा खेळ खेळत बसलो होतो आम्ही. वेडेपणा, पण निघून जाववत नव्हतं.

हे घडतं कसं ते बॉक्स ऑफिसच्या माणसाने समजावलं. घरी छापायच्या पीडीएफ तिकिटावरचा बारकोड म्हणजे फक्त एक ठराविक नंबर. गेटच्या सिस्टीममध्ये सगळ्या नंबरांची यादी असते, पहिल्यांदा स्कॅन झाला की त्या नंबरावर खूण, दुसऱ्यांदा आला की लाल. कागदाच्या शंभर कॉपी काढल्या तरी शंभरही अस्सलच, फक्त जो आधी पोचला तो आत. आमच्या सीटवर जो कोण आत जाऊन बसला होता तोसुद्धा फसवलेलाच असणार, फक्त तो लवकर आला आणि त्याला हे कधी कळणारही नाही. आणि सिस्टीममध्ये ऑर्डरवर नाव त्या विकणाऱ्याचं, आमच्यापैकी कुणाचंच नाही, मग बॉक्स ऑफिस कुणाला आणि का आत सोडणार.

म्हणूनच मोठ्या टूरना आता मोबाईलवर बदलता बारकोड असतो. टिकेटमास्टर या तिकीट कंपनीने २०१९ मध्ये सेफटिक्स नावाने आणला तो हाच प्रकार, कोड दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे स्क्रीनशॉट चालत नाही. तिथे कुणी 'स्क्रीनशॉट पाठवतो' म्हणालं तर समजून जा. पण यावरही तोडगा काढणारे आहेतच. द क्युअरच्या २०२३ च्या अमेरिका टूरला त्या बँडच्या गायक रॉबर्ट स्मिथने बहुतेक ठिकाणी तिकिटं ट्रान्सफर होणारच नाहीत असं ठरवून घेतलं, तर लोक तिकिटासकट पूर्ण अकाउंट विकायला लागले, लॉगिन आणि पासवर्ड देतो म्हणे. बँडने हजारो तिकिटं रद्द केली मग. आणि अशा लॉगिनचं पुढे काय होऊ शकतं बघा, पैसे घेतल्यावर त्याने पासवर्ड बदलला की संपलं.

नाव छापलेली तिकिटं हा दुसरा मार्ग. २०१७ मध्ये लंडनला ओटूमध्येच फू फायटर्सच्या शोला तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्र जुळेना म्हणून कितीतरी लोक दारातून परत गेले, त्यातल्या बऱ्याच जणांनी रीसेल साइटवरून, म्हणजे लोक आपली तिकिटं परत विकतात तिथून, दामदुप्पट देऊन तिकीट घेतलं होतं. तेव्हा वाचून मला वाटलं होतं की काय हा जाच, फॅनलाच त्रास. आता मत बदललंय. आयर्न मेडनने २०१७ च्या ब्रिटनमधल्या टूरला असंच केलं होतं, कागदी तिकीटच नाही, ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड आणि ओळखपत्र घेऊन या. कटकट आहे पण आमच्यासारखी पाच माणसं एका सीटसाठी भिंतीला टेकून बसणार नाहीत.

तिकीट कंपन्यांच्या नावाने शंख करायची पद्धत आहे आणि त्याला कारणंही आहेत, पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडने १९९४ मध्ये टिकेटमास्टरविरुद्ध अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार केली, बँडमधले गोसार्ड आणि अमेंट अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे बोलून आले, पुढच्या वर्षी खात्याने चौकशी बंद केली. तो राग मला पण आहे. पण माझ्या प्रकरणात कंपनीचा काही संबंध नव्हता, उलट त्यांची अधिकृत रीसेल त्या शोला चालू होती आणि तिथे विकलं की जुना बारकोड रद्द होऊन घेणाऱ्याच्या नावाने नवीन निघतो. सगळी गोम इथेच आहे. तिकीट बघायला मिळालं, पीडीएफ मिळाली, व्हिडिओ कॉल झाला, याला शून्य अर्थ आहे, विकणाऱ्याच्या हातातला कोड मेला आणि तुमच्या अकाउंटमध्ये नवा जन्मला तरच तिकीट तुमचं. बाकी सगळं नाटक.

त्या रात्री गेटबाहेर अजून एक जण फिरत होता, रिस्टबँड (आत जायला मनगटावर बांधतात ती पट्टी) देतो म्हणत. आतून बाहेर आलेल्या लोकांचे कापून घेतलेले बँड असतात ते, परत चिकटवलेले. ते कापडी बँड असतात ना, त्यांची प्लॅस्टिकची कडी एकाच बाजूला सरकते, कापल्याशिवाय निघत नाहीत, आणि कापलेला बँड गेटवर ओढून बघितला की लगेच हातात येतो. आमच्यातल्या कॉलेजवाल्या मुलाने घेतला. दहा मिनिटांत परत आला बिचारा.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून तक्रार केली, चॅट, पैसे पाठवल्याच्या नोंदी, प्रोफाइलची लिंक सगळं एकत्र जोडून. एकेकट्याने केली असती तर 'तुमचा आपसातला व्यवहार' म्हणून बाजूला पडली असती, पाच जणांची एकच सीट बघितल्यावर निदान नोंदवून तरी घेतली. पैसे आलेले नाहीत.

पण खरी कमाल त्यानंतर. मी ग्रुपवर हा प्रकार लिहिला आणि तासाभरात मेसेज सुरू, माझेही पैसे असेच गेले होते, अमुक एका हॅकरने काढून दिले, त्याला संपर्क कर, आधी थोडीशी फी लागते. दया दाखवणारी, रडणारी, स्वतःचे स्क्रीनशॉट टाकणारी वेगवेगळी प्रोफाइल. ही दुसरी टोळी असते, फसलेल्या माणसाला परत फसवणारी, आणि पहिल्याच्या रागात असलेला माणूस यांना पटकन सापडतो. पैसे परत मिळवून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले की ब्लॉक, विचारसुद्धा करू नका.

तो विकणारा अजून आहे. नाव आणि फोटो बदललाय, पोस्ट तीच, कामामुळे येता येत नाहीये, खऱ्या फॅनला मिळावं एवढीच इच्छा. यावेळी बँड वेगळा. मैत्रिणीच्या अकाउंटवरून मी मेसेज केला, सीट कुठेय विचारलं तर आलंच साउंड डेस्क. म्हटलं मस्त, अधिकृत रीसेलवर टाक, मी आत्ता तिथून उचलते, फी लागेल ती माझी. टाइप करत असल्याचे तीन ठिपके बराच वेळ हलत राहिले आणि मग त्याने ब्लॉक केलं. तोपर्यंतचा सगळा चॅट सेव्ह आहे, तक्रारीला जोडलाय.